कामासाठी ग्वांगझूला जाताय? सकाळी सहाला बाहेर पडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीतल्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यातले तरुण इंजिनिअर साच्यांच्या चाचण्या बघायला आठ दिवस दक्षिण चीनमधल्या ग्वांगझू आणि शेजारच्या फोशानला निघाले आहेत. पहिलीच वेळ आहे. दिवसभर कारखाना आणि रात्री हॉटेल, असंच वेळापत्रक आहे, फक्त शेवटचा अर्धा दिवस मोकळा. ते विचारतात, ‘तिथली माणसं रोज कशी जगतात हे बघायची फार इच्छा आहे. अर्ध्या दिवसात काय काय होईल? मी शाकाहारी आहे आणि चिनी भाषा येत नाही.’

अर्ध्या दिवसात फारसं काही होणार नाही. पण उरलेल्या सात दिवसांत पुष्कळ होईल, आणि तेही कामाचा एक तास न बुडवता. मी 2007 पासून याच कामासाठी त्या भागात जातो आहे. मधली कोविडची वर्षं सोडली तर वर्षातून एक-दोन फेऱ्या झाल्याच. सुरुवातीच्या चार-पाच फेऱ्यांत मीही शेवटच्या दिवशी टॅक्सी करून मनोरे आणि देवळं बघत फिरलो. फोटो भरपूर आले, पण माणसं कळली नाहीत. ती कळायला लागली एकाच सवयीमुळे. फेरी कितीही दिवसांची असो, मी एक बाग, एक चहाघर आणि एक मंडई ठरवतो आणि तिथेच रोज जातो. पहिल्या दिवशी तुम्ही परदेशी पाहुणे असता. दुसऱ्या दिवशी लोक तुम्हाला ओळखून मान हलवतात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी शेजारची खुर्ची ओढून ‘बसा’ म्हणून खूण करतं. हे तिसऱ्या दिवसाचं दार नवनवीन ठिकाणं धुंडाळणाऱ्याला उघडत नाही.

आधी घड्याळाचं बोलू, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. चीनभर एकच वेळ चालते आणि ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. म्हणजे तिथले सकाळचे सहा हे तुमच्या शरीराचे पहाटेचे साडेतीन. शिवाय पुण्याचं ऑफिस संध्याकाळी सहाला मेसेज पाठवतं, तेव्हा तिथे साडेआठ वाजलेले असतात. उत्तरं देता देता रात्र होते आणि सकाळ हातची जाते. तेव्हा निघण्यापूर्वीच साहेबांना सांगून ठेवा की दिवसाचा रिपोर्ट तिथल्या संध्याकाळी सहाला येईल, उरलेलं सकाळी. पहिला दिवस जड जाईल, दुसऱ्यापासून जमतं. पुरवठादाराची गाडी साधारण साडेआठला येते. सहा ते आठ हे दोन तास तुमचे.

दुसरी गोष्ट, राहायचं कुठे. पुरवठादार बहुतेक तुमच्यासाठी नव्या शहरातलं, काचेच्या इमारतींमधलं हॉटेल बघेल. त्याला नम्रपणे सांगा की मला लिवान किंवा युएश्यू या जुन्या भागात, मेट्रोजवळ राहायचं आहे. या भागात रस्त्याकडेच्या जुन्या इमारतींचा वरचा मजला पदपथावर पुढे आलेला असतो आणि खाली खांबांची सलग ओसरी असते. पाऊस आणि उन्हापासून आडोसा म्हणून केलेली ही रचना. त्या ओसरीतच न्हावी बसतो, किल्ल्या करणारा बसतो, म्हाताऱ्या बायका शेंगा सोलत बसतात. फोशानला जायला 2010 पासून दोन शहरांना जोडणारी मेट्रो आहे, त्यामुळे जुन्या भागात राहून काम अडत नाही. हॉटेल परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट नोंदवून घेतं ना, एवढं आधी विचारून घ्या.

आता सकाळ. सहा-सव्वासहाला जवळच्या बागेत जा. युएश्यू पार्क मोठं आहे, पण एखादी लहानशी बाग जास्त बरी, कारण तिथे रोज तीच माणसं येतात. एका कोपऱ्यात ताइ ची चाललेलं असेल, दुसरीकडे पंखे घेऊन नाच. चार-पाच जण रिंगण करून पिसांचं फूल पायाने उडवत असतील. त्याला जिआन्झी म्हणतात. ते तुमच्या दिशेने आलं तर पाय पुढे करा, तेवढ्यावर ओळख होते. काही बागांत एखादे आजोबा हातभर लांबीचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत असतात. ओळ संपेपर्यंत पहिली अक्षरं वाळून गेलेली असतात, ते पुन्हा लिहायला घेतात. मागे उभे राहून बघा, कोणी हटकत नाही. पटावर चिनी बुद्धिबळ चाललेलं असेल आणि खेळणारे दोन तर सल्ला देणारे आठ. ‘खेळ बघताना गप्प राहतो तोच खरा सज्जन’ अशी त्यांच्याकडे म्हणच आहे, आणि ती कोणी पाळत नाही.

इतकी साठीच्या आतलीही माणसं सकाळी मोकळी कशी, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. कारण सरळ आहे. तिथे कित्येक दशकं पुरुष साठाव्या वर्षी आणि कामगार स्त्रिया पन्नासाव्या वर्षी निवृत्त होत आल्या. 1 जानेवारी 2025 पासून ही वयं हळूहळू वाढवत नेली जात आहेत. पण आज बागेत दिसणारी पिढी लवकर मोकळी झालेली आहे आणि नातवंडं सांभाळणं हे तिचं दुसरं काम आहे. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभं राहून बघा, आई-वडिलांपेक्षा आजी-आजोबाच जास्त दिसतील. तुम्ही ज्या फोरमनबरोबर दिवसभर काम करणार आहात, त्याचं घर या माणसांच्या जिवावर चालतं.

बागेतून चहाघरात. ग्वांगझूच्या माणसाच्या आयुष्यात सकाळच्या चहाला जी जागा आहे ती समजून घेतलीत तर निम्मं शहर समजलं. नुसता चहा असा तो नसतोच. तिथल्या कांतोनी बोलीत ‘एक कप, दोन जिन्नस’ असा वाक्प्रचार आहे: चहाचा एक कप आणि वाफवलेले दोन पदार्थ, एवढ्यावर तास-दोन तास बसायचं, वर्तमानपत्र वाचायचं, शेजारच्या टेबलाशी बोलायचं. बसल्याबरोबर दोनच प्रश्न येतात: माणसं किती आणि चहा कोणता. पु-अर म्हणा किंवा शेवंतीचा म्हणा. माणशी चहाचे वेगळे पैसे लागतात, ती लुबाडणूक नाही, पद्धतच तशी आहे. मग एक भांडं आणि गरम पाणी येईल. लोक आधी आपली वाटी, कप आणि काड्या त्यात विसळून घेतात. तुम्हीही घ्या. चहा ओतताना आधी दुसऱ्याच्या कपात ओता, आपला शेवटी. तुमच्या कपात कोणी ओतलं तर बोटांनी टेबलावर हलकेच दोनदा टकटक करा. हे तिथलं न बोलता म्हटलेलं ‘धन्यवाद’. वेश बदलून फिरणाऱ्या छ्येनलोंग बादशहाने एकदा आपल्या सेवकाला चहा ओतून दिला, गुडघे टेकून नमस्कार केला तर बिंग फुटेल, म्हणून सेवकाने बोटंच ‘गुडघ्यासारखी’ टेकवली, अशी आख्यायिका ते रंगवून सांगतात. किटलीतलं पाणी संपलं की झाकण तिरकं ठेवा, कोणाला हाक मारावी लागत नाही.

शाकाहारी माणसासाठी इथे थोडी सावधगिरी हवी. मुळ्याच्या वड्या शाकाहारी दिसतात, पण त्यांत सहसा सुकट किंवा मांसाचे बारीक तुकडे असतात. साधी पांढरी पेज मिळते, आणि कोकण-गोव्याच्या माणसाला ती पहिल्या घोटातच घरची वाटेल. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या मऊ गुंडाळ्या सारणाशिवाय मागता येतात. लाल घेवड्याचं गोड पुरण भरलेले पाव असतात. चहाघराशी जुळलेले दोन शब्द तेवढे शिकून घ्या. सकाळी भेटल्यावर ‘जोउ सान’. कोणी काही आणून दिलं, वाट दिली, की ‘म्‌गोय’. हे दोन्ही कांतोनी शब्द आहेत, बीजिंगच्या चिनीतले नव्हेत. बहुतेकांना प्रमाण चिनी कळते, पण परदेशी माणसाच्या तोंडून आपली बोली ऐकली की चेहरा कसा उजळतो ते बघा. कोल्हापुरात कोणा परदेशी पाहुण्याने ‘काय पाव्हणं’ म्हटलं तर आपलं होईल तेच.

एका चहाघरात माझ्या शेजारी रोज एक निवृत्त शिक्षक बसायचे. तिसऱ्या दिवशी मी भारतातला आहे हे कळल्यावर ते म्हणाले, ‘क दीह्वा.’ मला कळेना. त्यांनी फोनवर चित्र दाखवलं. आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला 1938 मध्ये कोटणीसांसह पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं ते आधी ग्वांगझूलाच उतरलं होतं. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी उत्तर चीनमध्येच वारले, वय अवघं बत्तीस. त्यांच्या चिनी नावाने त्यांना ओळखणारी माणसं आजही भेटतात. मी त्यांच्याच राज्यातला आहे हे दुभाषी ॲपवर लिहून दाखवलं, तेव्हा त्या शिक्षकांनी उठून माझा हात हातात घेतला. त्या चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. ही भेट पहिल्या दिवशी झाली नसती.

कारखान्यात गेल्यावरही बघण्यासारखं खूप आहे, पण आपण इन्स्पेक्शनच्या घाईत ते चुकवतो. मालकाच्या खोलीत लाकडाचं मोठं चहाचं टेबल असेल. पहिलं पाणी तो पानांवर ओतून फेकून देईल, मग लहानशा कपांत चहा देत राहील, तीच पानं सहा-सात वेळा भिजवून. आपल्याकडून गेलेले बरेच जण इथे घड्याळ बघतात. माझा अनुभव उलटा आहे. साच्याच्या गेटची, म्हणजे प्लास्टिक आत शिरतं त्या तोंडाची, जागा बदलायला लागेल, डिलिव्हरी दहा दिवस पुढे जाईल, या खऱ्या गोष्टी मीटिंगच्या खोलीत निघत नाहीत, चौथ्या कपाला निघतात. तो ‘जरा बघावं लागेल’, ‘थोडं अवघड आहे’ असं म्हणाला तर ते ‘नाही’ आहे हे ओळखा आणि सगळ्यांसमोर ताणू नका. ‘च्हापुत्वो’, म्हणजे ‘जवळपास तेवढंच’, हा शब्द मात्र मापांच्या बाबतीत आला तर थांबा आणि मायक्रोमीटर मागा.

बाराला जेवण. मोठ्या हॉटेलात नेण्याचा आग्रह होईल. एखादा दिवस तरी म्हणा की मला कॅन्टीनमध्येच जेवायचं आहे. ताट हातात घेऊन रांगेत उभे राहा. जेवणानंतर दिवे मालवले जातात आणि ऑफिसातली माणसं टेबलाखालून घडीची खाट काढून चक्क झोपतात. दीड-दोन वाजेपर्यंत सामसूम. याला आळस समजू नका. शाळेपासूनची सवय आहे ती, आणि त्या वेळात कामाचे प्रश्न घेऊन कोणाला उठवणं असभ्य समजतात. तुम्हीही डोळे मिटा, पहाटेची झोप भरून निघते. आणि उन्हाळ्यातही प्रत्येकाच्या हातात गरम पाण्याची बाटली दिसेल. नळाचं पाणी कोणी पीत नाही, उकळलेलं पितात. स्टेशनात, रेल्वेत, कारखान्यात, सगळीकडे गरम पाण्याचे नळ असतात. एक स्टीलची बाटली बरोबर न्या.

जेवणाबद्दल आणखी. ‘मांस नको’ एवढंच सांगू नका. तिथे ‘मांस’ म्हटलं की बहुधा डुकराचं मांस डोळ्यासमोर येतं, त्यामुळे मासे, कोळंबी किंवा हिरव्या भाजीवर शिंपल्यांचा सॉस येऊ शकतो. ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी खातो, हे वाक्य बौद्ध आहाराशी जोडलेलं आहे आणि लगेच समजतं. अंडं, मासे, शिंपल्यांचा सॉस, चरबी नको अशी सविस्तर चिठ्ठी हॉटेलच्या काउंटरवरून चिनीत लिहून घ्या आणि खिशात ठेवा. पक्कं बौद्ध शाकाहारी जेवण कांदा-लसणाशिवायचं असतं, त्यामुळे आपल्या जैन मित्रांचीही बरीचशी सोय होते. अशी खानावळ देवळांच्या आसपास हमखास सापडते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे साधारण अमावास्येला आणि पौर्णिमेला, बरीच श्रद्धाळू माणसं शाकाहार पाळतात. तुमच्या आठ दिवसांत यातला एखादा दिवस येत असेल तर सकाळी ग्वांगश्याओ मंदिराकडे जा. उदबत्त्या घेऊन आलेली, ऑफिसला जाता जाता थांबलेली तरुण मुलं पाहून आपल्याकडची संकष्टी आठवते.

मंडईसाठी संध्याकाळ चांगली, कामावरून परतताना. भाव ‘जिन’वर असतो आणि एक जिन म्हणजे अर्धा किलो, हे लक्षात ठेवा. दोडका, कारलं, अळकुड्या, लाल माठ, कोहळा बघून वाटेल की आपण मंडईत आलो की काय. जिवंत माशांचा आणि मांसाचा विभाग तुम्हाला सोसेल असं नाही, तो टाळून पालेभाज्यांच्या बाजूने जा. ज्या बाईकडून पहिल्या दिवशी दोन पेरू घेतलेत तिच्याकडूनच रोज घ्या. लिचीच्या मोसमात गेलात, म्हणजे साधारण मे ते जुलै, तर ती एक-दोन जास्त हातावर ठेवील आणि त्याबरोबर खुणेने बजावेलही की फार खाऊ नका, उष्ण पडते.

हा ‘उष्ण पडते’ प्रकार मला त्या लोकांच्या सगळ्यात जवळ घेऊन गेला. आपल्या आजीचं उष्ण-थंडाचं सगळं शास्त्र तिथे रोजच्या वापरात आहे. तळलेलं खाल्लं, जागरण झालं, तोंड आलं, की ‘आग चढली’ म्हणतात आणि त्यावर उतारा म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन कडू काढा पितात. त्याला ‘थंड चहा’ म्हणतात, पण तो गरमही देतात आणि त्यात बहुतेक चहाची पानं नसतातच. 2006 मध्ये चीनने त्याची राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. चोवीस वनस्पतींचा म्हणून ओळखला जाणारा काढा आपल्या काडेचिराइताच्या तोडीचा कडू असतो. दुकानदार बाईला घसा दाखवा, ती कोणता प्यायचा ते सांगेल. औषधं चालू असतील तर मात्र उगीच पिऊ नका.

मार्चमध्ये जाणार असाल तर आणखी एक. ग्वांगझूचं शहरफूल म्हणजे आपली काटेसावर. पानं नसलेल्या झाडांवर तीच लाल, जाड पाकळ्यांची फुलं, आणि खाली पिशव्या घेऊन ती वेचणाऱ्या आज्या. घरी नेऊन वाळवतात, सूपात आणि काढ्यात घालतात. मी त्यांना फोनवर ताम्हिणीतल्या सावरीचा फोटो दाखवला, तर दोघींनी मिळून ती फुलं कशी वाळवायची हे मला हातवारे करून शिकवलं.

रात्री साडेसातनंतर चौकात जा. स्पीकर लावून चाळीस-पन्नास बायका ओळीत नाचत असतात. मागच्या ओळीत उभं राहायला परवानगी लागत नाही.

मेजवानी एकदा तरी होणारच. गोल टेबल, दाराकडे तोंड करून यजमान, त्याच्या उजवीकडे मुख्य पाहुणा. ते सांगतील तिथेच बसा. कप भिडवताना वडीलधाऱ्याच्या कपापेक्षा आपला थोडा खाली धरा. दारू घेत नसाल तर ‘कानपेइ’ म्हणून सगळे पेले उचलतात, तेव्हा पहिल्याच वेळी चहाचा कप उचला आणि दुभाष्याला सांगायला लावा की ‘दारूऐवजी चहाने’. हा तिथला मान्य शिष्टाचार आहे. मध्येच बहाणे करण्यापेक्षा सुरुवातीला एकदा सांगितलेलं फार चांगलं. पगार किती, लग्न झालं का, मुलं किती, हे प्रश्न येतील. ते आपुलकीचे आहेत. ‘जेवलात का?’ हे जसं आपण दारात म्हणतो तसंच तेही म्हणतात.

भेटवस्तू नेताना कंपनीचं नाव छापलेलं टेबलावरचं घड्याळ अजिबात नेऊ नका. आमच्याबरोबर एकदा ती पाच आली होती. चिनीत ‘घड्याळ देणं’ आणि ‘शेवटच्या निरोपाला जाणं’ यांचा उच्चार एकच आहे. यजमानांनी हसून ती घेतली, पण खोलीतली शांतता मी विसरलेलो नाही. त्यापेक्षा काजू न्या, पैठणीच्या काठाची छोटी पिशवी न्या. दोन्ही हातांनी द्या. ते एक-दोनदा नको म्हणतील, पुन्हा द्या. समोर उघडणार नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

थोडं फोनचं. मंडईतली बाईसुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेते, पण आपलं यूपीआय तिथे गृहीत धरू नका. पैसे देण्याचं अलिपे हे चिनी ॲप निघण्यापूर्वीच उतरवून घ्या आणि त्याला व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. तिथलं दुसरं ॲप वीचॅट, पण त्यावर भारतात 2020 मध्ये बंदी आली, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या, आपल्याकडे ते मुळात बंद असतात. थोडी रोख युआनही ठेवा. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या नेटवर चालत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर सहसा चालतात. कोणाचा, विशेषतः मुलांचा, फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

आणि तुमचा तो शेवटचा अर्धा दिवस. तुम्ही साच्यांतले आहात, म्हणून फोशानमधली मातीच्या भांड्यांची नानफेंगची जुनी भट्टी बघा. मिंग काळातली, म्हणजे पाचेकशे वर्षांपूर्वीची, उतारावर अजगरासारखी पसरलेली, आणि अजूनही तिच्यात माल भाजला जातो. बाजूच्या छिद्रांतून इंधन टाकून टप्प्याटप्प्याने तापमान कसं चढवतात ते तुम्हाला सांगावं लागणार नाही. पण तिथे दहानंतर जा. त्याआधी चहाघरात जाऊन रोजच्या टेबलावर बसा, आणि उद्यापासून मी नाही, हे शेजाऱ्यांना सांगा.